सोफ्याचा राब

आमच्या गावात राब कधी भाजायचा हे ठरवताना कुणी कॅलेंडर बघत नसे, लडकूदादाला बघत असे. लडकू विशे, माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुडाचं कुंपण आहे आणि तेही आमच्या कोंबड्यांनी निम्मं पाडलेलं. त्यामुळे त्याच्या चुलीवर काय शिजलं, काय करपलं आणि कोण कुणावर रुसलं, हे त्याच्याआधी मला कळायचं. त्याची बायको सुंदरावहिनी म्हणायची, "शामभावजी, तुमच्या कानांना जरा पडदा लावा." मी म्हणायचो, "आधी तुमी तोंडाला लावा, मग बघू."

डोळखांबच्या पुढे रस्ता दोनदा वळतो आणि मग नुसता चढत राहतो, तिथे आमचं गाव. वर आम्ही भातवाले, खाली ओढ्याकाठी कातकऱ्यांची वाडी. राब म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यावर करायचं, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग पेटवायचं. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप हिरवंगार उठतं. शेतकी खात्याचे साहेब दरवर्षी येऊन सांगतात की हे चुकीचं आहे. आमचे आजे सांगून गेलेत की हेच बरोबर आहे. साहेब चहा पिऊन जातात, आजे कुठे जात नाहीत.

तर लडकूदादा. अंगानं इतका बारीक की वाळत घातलेला सदरा कोणता आणि अंगातला कोणता ते जवळ जाऊन बघावं लागे. पण राबाच्या दिवशी त्याचा थाट काय सांगू! धुतलेली टोपी, कानावर विडी, चाल अशी की मागं बँडबाजा असावा. मी कुंपणावरून ओरडायचो, "वहिनी, नवरदेव निघाला गो!" तो मान वळवायचा नाही. शेतात जायचा, मूठभर राख उचलायचा, खांद्याएवढ्या उंचीवरून सोडायचा आणि ती कुठे वाहते ते बघत राहायचा. "वारा तिकडून इकडं," तो म्हणायचा, "मंग आग इकडून तिकडं." म्हणजे वाऱ्याच्या उलट पेटवायचं. वाऱ्याबरोबर पेटवलं तर वरवर भडका होतो आणि माती कच्ची राहते. उलट पेटवलं की आग पाऊल पाऊल मागं सरकत जाते आणि माती भाकरीसारखी शेकून निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत हात घातला तरी चटका बसत नाही. पस्तीस वर्षं त्यानं सगळ्या गावाचे राब पेटवले. बदल्यात एक कप चहा. कुणाचं रोप हुकलं असं मला आठवत नाही.

त्याची आणखी एक गोष्ट मी चव्हाट्यावर आणली होती. तो स्वतःचा राब सगळ्यात शेवटी पेटवायचा. सुंदरावहिनीला दमा. चैत्र लागला की ती पदर तोंडाला लावून ओट्यावर बसायची आणि पदराआडूनच सगळ्या आळीला हुकूम सोडायची. दोनदा तर शहापूरच्या दवाखान्यात भरती करावी लागली होती. गाव म्हणायचं, सुंदराला उन्हाळा बाधतो. लडकूदादा काहीच म्हणायचा नाही. पण डोंगराच्या बाजूला वारा वळेपर्यंत त्याचा राब तसाच थांबायचा, आठ दिवस, दहा दिवस. मी देवळापाशी सगळ्यांना सांगितलं, "बायकोसाठी वारा राखून ठेवणारा नवरा बघायचा असेल तर आमच्या शेजारी या!" लोक खूप हसले. तो लाजला आणि विडी उलटी पेटवली.

म्हणजे बघा, त्याला कळत होतं. आम्हा सगळ्यांत त्या एकट्याला कळत होतं.

मग दिवस बदलले. रानातल्या डहाळ्या तोडतो म्हणून वनखात्याचा गार्ड मागे लागला. गुरं निम्म्यांनी विकली, त्यामुळे शेण नाही. पाचोळा गोळा करणारे हात वाशिंदच्या कारखान्यांत गेले. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये तर राबासाठी कुणाकडेच पुरेसं काही नव्हतं. तेव्हा लडकूदादाचा पुतण्या किशोर मदतीला आला. तो वाशिंदला सोफे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. म्हणाला, "काका, आमच्याकडं कातरणाचे डोंगर पडलेत. रेक्झिन, फोम, चिंध्या. उचलून नेलं तर मालकच खूश होईल. असं जळतं की पालाबिला विसराल."

टेम्पो आला. लाल, तपकिरी, एकावर तर गुलाबाची फुलं. गाव गोळा झालं. मी फोमचा एक तुकडा बुडाखाली घेऊन बांधावर बसलो आणि म्हणालो, "यंदाचं भात सोफ्यावर बसून उगवणार. शितं बघा कशी मऊ लागतील!" हशा पिकला. बायका फोम ओढून ओढून सात जणांच्या तुकड्यांवर पसरू लागल्या.

लडकूदादा हसला नव्हता. त्यानं रेक्झिनचा तुकडा नाकाला लावला, मग दातांत धरून बघितला आणि थुंकला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याचा वास बरा नाय रे, शाम्या. ह्याची राख कशी व्हईल ते मला नाय कळत."

त्यानं हे मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट माझ्या पोटात कधी राहिली आहे का? मी मोठ्यानं म्हणालो, "ऐका हो! जन्मभर शेणात हात घालणाऱ्याला वास यायला लागला! दादा, म्हातारा झालास असं सांग की सरळ. पाला गेला आणि राबाच्या राजाची गादीबी गेली!"

सगळे हसले. खालच्या वाडीतली भागी लावणीला आमच्याकडे येते, ती टेम्पोतून माल उतरवत होती. तीही हसली. लडकूदादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं राखेची मूठ भरली आणि सोडली. राख कुठेच गेली नाही. सरळ त्याच्या पायावर पडली. त्यानं पुन्हा मूठ भरली. पुन्हा तेच.

वारा नव्हता. एरवी अशा दिवशी तो टोपी झटकून "आज नाय, उद्या" म्हणायचा आणि घरी जायचा. कुणी एक शब्द बोलायचं नाही. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलं. मी भुवया उडवल्या.

"आण काडेपेटी," तो म्हणाला.

धूर काळा होता आणि जड. राबाचा धूर मी लहानपणापासून बघतो. तो करडा असतो, वर चढतो आणि डोंगराला टेकून विरतो. हा वर जाईना. आमच्या शेतांवरून घसरत खाली ओढ्याकडे गेला आणि कातकऱ्यांच्या वाडीवर गोधडी टाकावी तसा बसला. उरलेला आमच्या आळीत. घशात कुणी कानस फिरवल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी राब वरून गार झाले. धूर पातळ झाला, वास मात्र तसाच. आम्ही म्हटलं, नवीन माल आहे, जरा दिवस लागतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओट्यावर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. एक शब्द बोलायची, थांबायची, मग दुसरा. मी कुंपणावरून म्हणालो, "वहिनी, आज बोलणं रेशनवर मिळतंय काय?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तिच्या गळ्याखालचा खळगा आत आत ओढला जात होता. तेव्हा कुठे मी कुंपण ओलांडलं.

शाळेसमोरची जीप काढून आम्ही तिला शहापूरला नेलं. मागच्या बाकावर भागी होती, मांडीवर तिची पाच वर्षांची नात. तिचीही छाती वाजत होती.

दवाखान्यात गेलो तर तिथे आमचंच गाव भरलेलं. वरच्या आळीतले दोन म्हातारे, खालच्या वाडीतली चार पोरं. निर्मला सिस्टर वाफेचं मशीन एका तोंडावरून काढून दुसऱ्या तोंडावर लावत होत्या. या सिस्टर आम्हाला ओळखतात. वहिनीला तर नावानं.

"आलात का सुंदराबाई, म्हणजे एप्रिल लागला," त्या म्हणाल्या. मग वहिनीचे डोळे बघितले, भागीच्या नातीचे बघितले. लाल झालेले, पाणी गळणारे. त्यांचा हात थांबला. "काय जाळलंत गावात?"

म्हाताऱ्यांनी लडकूदादाकडे बघितलं. भागीनं जमिनीकडे. माल किशोरनं आणलेला, काडी लडकूनं लावलेली, आणि फुकटात घेतलेला आम्ही सगळ्यांनी. उद्या कुणी तक्रार केली, पोलीस आले, तर? आमच्याकडे असं आहे की घरातलं माणूस घरात वाटेल तेवढं भांडेल, पण बाहेरच्यानं विचारलं की सगळ्यांची तोंडं एकदम शिवली जातात. लडकूदादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोललो.

"काय नाय सिस्टर, राब! दरवर्षीचाच. आमच्या वहिनीला चैत्रात माहेर आठवतं, रडता येत नाय म्हणून खोकते."

सगळे हसले. घाबरलेलं माणूस फार पटकन हसतं. म्हातारे हसले, भागी हसली, तोंडाला वाफ लावलेली वहिनीसुद्धा डोळ्यांनी हसली. सिस्टर हसल्या नाहीत. "नेहमीच्या राबानं असं होत नाही," एवढं म्हणाल्या आणि कागदावर 'राबाचा धूर' असं लिहिलं.

वाफ, सलाईन, ऑक्सिजनची नळी. चौथ्या दिवशी वहिनी पूर्ण वाक्य बोलली. ते वाक्य मला शिवी होतं, त्यावरून आम्ही ओळखलं की बरी झाली. डॉक्टर आले. तरुण होते, फार न बोलणारे. लडकूदादाला म्हणाले, "घराजवळ अजून धूर आहे का? असेल तर चार दिवस इथेच राहू दे. अजिबात नसेल तरच न्या."

दादा माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "राब दुसऱ्या दिवशीच गार होतो, डॉक्टरसाहेब. राखेत हात घातला तरी चटका बसत नाय."

हे मी खोटं बोललो नव्हतो. पस्तीस वर्षं तसंच होत आलं होतं. पाल्याच्या राबाचं खरं होतं ते मी सोफ्याच्या राबाबद्दल सांगितलं, एवढंच. वहिनीला सुट्टी मिळाली. भागीच्या नातीलाही मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लडकूदादा कुदळ घेऊन शेतात गेला. माती किती भाजली ते बघायला. मीही गेलो, कारण मी सगळीकडेच जातो. वरची माती गार होती. त्यानं कुदळ मारली आणि ती अडकली. फोम आणि रेक्झिन वितळून खाली काळी पोळी झाली होती, डांबरासारखी, मातीला चिकटलेली. त्यानं जोर लावून ती उचकटली. आत लाल दिसलं. पाच-सहा दिवस ते खाली तसंच धुमसत होतं. वारा आत गेला आणि भसकन काळा धूर उठला.

आणि त्या दिवशी वारा होता. लडकूदादाला मूठभर राख उचलायची गरजच पडली नाही. धूर आमच्या डोळ्यांदेखत घरांकडे निघाला. आम्ही घागरीनं पाणी ओतलं तर त्याची उलट वाफ झाली, आणखी कडू. दादानं कुदळ टाकली आणि पळत सुटला. त्या बारीक माणसाला असं पळताना मी कधी बघितलं नव्हतं.

वहिनी ओट्यावर नव्हती. घरात चुलीपाशी पडली होती, ओठ जांभळे.

शहापूरहून तिला लगेच ठाण्याला हलवलं. अँब्युलन्समध्ये दादा तिच्या पायाशी बसला होता. मी पुढे. त्या सबंध रस्त्यात मी एक शब्द बोललो नाही, आणि त्यानंही मला विचारलं नाही की शाम्या, गप्प का. अकरा दिवस ती मशीनवर श्वास घेत होती.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी दादा कपडे न्यायला गावी आला. कपडे राहिले बाजूला, तो शेतात गेला आणि त्या काळ्या पोळीचा एक तुकडा तोडून तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घातला. मी विचारलं, "हे कशाला?" तो पिशवी काखेत मारून निघाला. एसटीत बसला. मी मागोमाग.

शहापूरला उतरून तो सरळ निर्मला सिस्टरांसमोर उभा राहिला आणि पिशवी टेबलावर ठेवली.

"सिस्टर, त्या दिशी राब नव्हता. हे होतं. सोफ्याचं कातरण. काडी मी लावली. वारा नव्हता, मला दिसत होतं, तरी लावली."

सिस्टरांनी पिशवी उघडली, वास घेतला आणि लगेच तिचं तोंड बांधून ती खिडकीत नेऊन ठेवली. मग भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. एप्रिलच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात पाड्यांची नावं लिहिलेली होती. कोणत्या दिवशी कुठून दम लागलेलं माणूस आलं ते.

"दर एप्रिलला तुमच्या पट्ट्यातून माणसं येतात," त्या म्हणाल्या. "एखाद-दुसरं. यंदा पाच दिवसांत एकट्या तुमच्या गावचे अकरा. काहीतरी वेगळं आहे एवढं मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. म्हणून विचारलं होतं ना मी." मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "मी विचारलं होतं, शामराव. तुम्ही सगळे हसलात. मला हे माहीत असतं तर मी तिला तुमच्या घरी जाऊ दिलं असतं का? एकालाही जाऊ दिलं नसतं."

दादा म्हणाला, "आता लिवा मंग. सोफा लिवा. माझं नाव लिवा."

"नावाची जागा नसते इथे, लडकूदादा," सिस्टर म्हणाल्या. पण जुना शब्द खोडून त्यांनी नवीन लिहिला, आणि अकरा जणांना पुन्हा तपासायला बोलवायचं म्हणून यादी काढायला बसल्या. दादानं फक्त एकच विचारलं, "भागीची नात कशी हाय?"

"तिला घेऊन या," त्या म्हणाल्या. "आजच."

तो तसाच वाडीवर गेला. भागीच्या दारात उभा राहून काय म्हणाला ते मला ठाऊक नाही. मी लांब ओढ्यापाशी थांबलो होतो. तिथून एवढंच दिसलं की भागी खूप वेळ बोलत होती आणि तो टोपी हातात धरून ऐकत होता. मग त्यानं पोरीला खांद्यावर घेतलं. पोरगी वाचली. थंडीत अजून तिची छाती वाजते.

वहिनीही वाचली. पण डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं आता पूर्वीची नाहीत. चुलीचा धूरसुद्धा नको. म्हणून होळीपासून पाऊस पडेपर्यंत ती मुरबाडला, बाजारपेठेत राहणाऱ्या बहिणीकडे असते. तीस वर्षांत ज्या नवराबायकोनं एकमेकांना सोडून दोन रात्री काढल्या नसतील, ते आता चार महिने वेगळे राहतात.

यंदा लोक नेहमीप्रमाणे लडकूदादाला बोलवायला आले. तो म्हणाला, "माझ्यानं नाय व्हणार." स्वतःचं रोप त्यानं शेतकी खात्याच्या साहेबांनी सांगितलं तसं केलं, माती न भाजता, उंच वाफे घालून. वाफे सरळ आले नाहीत. या वयात हाताला नवीन वळण लागत नाही. लोकांनी राब भाजलेच, पण त्याच्या डोळ्यांना डोळा देऊन प्लास्टिक घालायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण आदल्या दिवशी तो प्रत्येकाच्या तुकड्यावर जाऊन थर उलटून बघायचा आणि मग वाडीत जाऊन सांगायचा, उद्या अमक्याचा राब आहे, पोरांना घेऊन सकाळीच वरच्या बाजूला जा. दोघा-तिघांनी त्याला सुनावलं, "तू कोण रे आता बघणारा?" त्यानं ऐकून घेतलं आणि थर उलटून बघितलाच. मी बरोबर असतो. टोपली धरायला.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येतो आणि माझ्या मोबाईलवरून वहिनीला फोन लावतो. तिचा चेहरा दिसतो म्हणून. पहिल्या दिवशी मला काय वाटलं, मी मध्येच डोकं खुपसून म्हणालो, "वहिनी, तुमच्या मागं दादा स्वतः भाकऱ्या करतो, एकेक भाकरी म्हणजे कौल! पावसाळ्याआधी छप्पर शाकारून होईल." ती हसली. हसता हसता तिला ढास लागली, ढास थांबेना, तिच्या बहिणीनं येऊन पाठ चोळली, फोन पडला आणि कितीतरी वेळ आम्हाला नुसतं छत दिसत राहिलं आणि खोकला ऐकू येत राहिला.

फोन बंद झाल्यावर दादा म्हणाला, "शाम्या, तिला हसवू नको रे. हसली की तिचा दम जातो."

एवढंच. त्या सगळ्या वर्षात त्यानं मला दुसरं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी विचारतो, "वहिनी, जेवलात?" ती म्हणते, "जेवले." मी म्हणतो, "बरं," आणि मोबाईल दादाकडे देऊन कोंबड्या कोंडायला उठतो. परवा कोंबड्या कोंडताना मला तिचा आवाज ऐकू आला. दोन शब्दांमध्ये थांबत थांबत ती दादाला विचारत होती, "शामभावजी... माझ्यावर... रागावलेत का हो?"

"नाय गो," दादा म्हणाला. "त्याला हल्ली कामं असतात."